शेजारीण कुणाला मत देणार?

२०२०च्या हिवाळ्यात मी आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात अशा एका देशाबद्दल काम करत होते, जिथे लोक पहिल्यांदाच मतदान करणार होते. देशाचं नाव सांगायची मला परवानगी नाही, करारात तसं लिहिलंय. निवडणुकीआधी तिथल्या लोकांना फोन करून विचारायचं, की तुम्ही मत द्यायला जाणार का, कुणाची भीती वाटते का, चारचौघांत मनातलं बोलता का. फोन करणारी माणसं तिथली, प्रश्न आमचे. कोरोनामुळे विद्यापीठ बंद होतं, म्हणून मी हे प्रश्न क्लोनडॉकिनच्या भाड्याच्या घरात इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून लिहीत होते.

प्रश्न पाठवण्याआधी कुणावर तरी वापरून बघावे लागतात. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. माझ्या आयरिश बॉसने स्क्रीनवरून विचारलं, घरात कोण आहे? मी म्हटलं, आई. बॉस म्हणाली, ग्रॅंड. या शब्दात इथे होकार, समाधान आणि विषय संपला, हे तिन्ही येतं.

आई फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे राहिली होती. तिचा व्हिसा इथलं सरकार आपणहून वाढवत होतं. त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं. मी तिला समोर बसवलं आणि नियमाप्रमाणे चेहरा कोरा ठेवून पहिला प्रश्न वाचला. येत्या निवडणुकीत तुम्ही मत देणार का?

आई म्हणाली, आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होतच नाही. हे तिने अभिमानाने सांगितलं. गावातली मोठी माणसं देवळात बसतात, कुणी सदस्य व्हायचं ते ठरवतात, बाकीचे अर्ज मागे घेतात आणि सगळं बिनविरोध होतं. भांडण नाही, तंटा नाही. ठरवणाऱ्यांत माझे मधले काका कायम असतात. बाबा थोरले होते, पण ते गेले. आता घरातलं आणि गावातलं दोन्ही काकाच बघतात. पुढचा प्रश्न होता, राजकारणाबद्दलचं मत मोकळेपणाने सांगता येतं का. आईने आधी विचारलं, ऐकायला कोण आहे? मी ते टिपून घेतलं. आमच्या कामात असं उत्तर सोन्यासारखं असतं.

त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. माझ्या धाकट्या काकूने अर्ज भरला होता आणि ती तो मागे घेत नव्हती. त्याच वॉर्डात मधल्या काकांनी स्वतःच्या सुनेचं नाव ठरवलेलं होतं. काकूचं म्हणणं एवढंच होतं, की गल्लीतल्या नळाला पाणी दुपारी येतं, तेव्हा बायका शेतात असतात. ती वेळ बदला म्हणून तिने अनेकदा सांगून पाहिलं होतं, कुणी लक्ष दिलं नव्हतं. माझे धाकटे काका या प्रकरणात मोठ्या भावासमोर आणि बायकोसमोर सारखीच मान हलवत होते.

मधल्या काकांचं आईकडे एकच मागणं होतं. धाकटी तुमचं ऐकते वहिनी, तिला मागे घ्यायला सांगा. अर्ज मागे घ्यायला दोन दिवस होते. गावातल्या आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते आणि आईच्या वाट्याचं रान तेच कसतात, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती. आई बघते म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. तिला दोन्हीकडून धास्ती होती. सांगितलं, तर काकूचं मन मोडणार. नाही सांगितलं आणि काकूला कुणीच मत दिलं नाही, तर त्याच गल्लीत तिला मान खाली घालून जगावं लागणार.

मेथी निवडून झाल्यावर ती म्हणाली, गल्लीतल्या बायकांना तुझ्यासारखं विचारून बघते. मी तिला नियम सांगितले. प्रश्न आहे तसाच विचारायचा, आपलं मत कळू द्यायचं नाही, उत्तर आल्यावर "बरं झालं" म्हणायचं नाही. आईने मान डोलावली आणि पहिल्याच फोनवर गुडघेदुखी, म्हैस आणि लेकीचं बाळंतपण घेतलं. मत कुणाला देणार या प्रश्नावर ती पोचली तेव्हा चहा निवला होता. समोरची बाई म्हणाली, तुम्ही सांगाल तसं, आक्का. दुसरी म्हणाली, तुम्ही सांगाल तसं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बहुतेक जणी आई सांगेल तसं करायला तयार होत्या आणि आईला तर त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं.

माझा धंद्याचा स्वभाव जागा झाला. मी म्हटलं, माणूस घाबरलेला असला की त्याला त्याचं मत विचारायचं नाही, शेजाऱ्याचं विचारायचं. तो स्वतःचंच सांगतो आणि अडकतही नाही. आई म्हणाली, यात काय शिकायचंय, हे आम्ही रोजच करतो.

दुसऱ्या दिवशी तिने परत सगळ्यांना फोन केले. माझं अजून काही ठरलं नाही आक्का, असं प्रत्येकीने सांगितलं, पण शेजारीण मात्र धाकटीलाच मत देणार, पाण्यासाठी. अशा रीतीने गल्लीतली प्रत्येक शेजारीण काकूच्या बाजूने निघाली. आईचा चेहरा मी इतका फुललेला बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता. तिने लगेच काकूला फोन करून हे कळवलं.

मग तिने मधल्या काकांना फोन लावला. मी लॅपटॉप बंद केला. आईने पदर सारखा केला, जणू काका समोरच बसलेत.

"भावजी, तिला मागं घे म्हणून मी न्हाई सांगणार."

पलीकडून काका बराच वेळ बोलले. गावाची रीत, घराची अब्रू, वरून थोरल्याला काय वाटेल. आजवर कधी विरोध झाला नाही, हेही म्हणाले.

"विरोध नव्हता असं न्हाई," आई म्हणाली. "इचारलं न्हवतं कुणी. मलाबी न्हाई."

काका म्हणाले, पुढच्या हंगामाला रानासाठी दुसरा माणूस बघा. आईने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण मी इथे राहणार होते आणि तिला परत जायचं होतं.

जानेवारीत मतदान झालं. काकू पडली, चांगलीच पडली. शेजारणी कमी पडल्या होत्या. असं का झालं ते मला दहा मिनिटांत समजलं. गल्लीत दोन-तीन बायका उघडपणे काकूच्या होत्या आणि आजूबाजूच्या प्रत्येकीने आपली शेजारीण म्हणून त्यांनाच धरलं होतं. माझ्या प्रबंधात या चुकीवर एक अख्खं प्रकरण आहे. आईला मी ते समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, आता काकूला फोन कोण करणार?

तिनेच केला. स्पीकर चालू ठेवला, बहुधा एकटीने ऐकायचा धीर नव्हता. आईने सरळ माफी मागितली. म्हणाली, माझ्या भरवशावर तू अर्ज ठेवलास आणि मी चुकीचं सांगितलं.

काकू रडत असेल अशी आमची समजूत होती. ती भांडी लावत होती, आवाज येत होता.

"घरची सोडून बी थोडी मतं मला पडल्यात, आक्का," ती म्हणाली. "कुणाची ते कळत न्हाई. गल्लीतनं जाताना एकेकीकडं बघते. ही असंल का, का ती असंल? आता सगळ्याच बऱ्या वाटाय लागल्यात."

आईने खिडकीकडे तोंड केलं.

"मी तिथं असते," ती म्हणाली, "तर एक तरी तुला नक्की ठावी असती."