गाडी परत न मागणारा मालक

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग राग येतो. हसू येतं एका मोटारसायकलचं, आणि राग येतो तो त्या मोटारसायकलपायी एका पोराची नोकरी टांगणीला लागली म्हणून.

त्या वेळी मी जामनेरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. नावं कोणाचीच सांगणार नाही. माणसं अजून तिथंच राहतात, आणि मला अजून तिकडच्या लग्नांची आमंत्रणं येतात. मूळचा मी धुळ्याचा, आता निवृत्त होऊन धुळ्यातच आहे. स्वभाव संशयी. बायको म्हणते, भाजीवालीला भाव विचारतानाही तुम्ही जबाब घेतल्यासारखं विचारता. म्हणो बापडी. ज्या खात्यात मी उभा जन्म काढला, तिथं समोरच्याचं पहिलं वाक्य खरं धरून चालत नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक पिकअप टेम्पो आवारात शिरला. मागे दोरखंडांनी आवळून बांधलेली एक मोटारसायकल आणि पुढे ड्रायव्हरशेजारी नाना. त्यांना सगळा तालुका नानाच म्हणायचा. केळीचे मोठे बागायतदार, पन्नाशी ओलांडलेली, आखूड बांधा, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे.

“साहेब, मी फसलो,” खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले. “ही गाडी चोरीची आहे.”

गाडी युरोपातल्या कंपनीची होती. कुठल्या ते सांगत नाही, कंपनीचा यात काही दोष नाही. डोंगरदऱ्यांतून फिरायला बनवलेली, उंचच उंच, सीट माझ्या कमरेला लागत होती. नानांनी ती महिन्यापूर्वी चाळीसगावच्या एका तरुणाकडून घेतली होती. हँडलखाली, जिथं चेसिस नंबर कोरलेला असतो, तिथं त्यांनी बोट ठेवलं. नंबरातले तीन-चार आकडे कोणीतरी कानशीनं घासले होते.

“टेम्पोत घालून का आणली?” मी विचारलं.

“पुरावा आहे ना साहेब. म्हटलं, हात लावायला नको.”

मला वाटलं, माणूस सावध आहे. कागद बघितले. सगळे रीतसर, गाडी नानांच्या नावावर झालेली. त्या नंबरची चोरीची फिर्यादही कुठं नव्हती. पण त्यानं काही सिद्ध होत नाही. कागद एका गाडीचे आणि गाडी दुसरीच, असली प्रकरणं मी पाहिली होती. पंचनामा करून गाडी मुद्देमालात जमा केली, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि विकणाऱ्या मुलाला चौकशीला हजर राहण्याची नोटीस पाठवली.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती. चोरीची वस्तू विकत घेतलेला माणूस हादरलेला असतो. पैसे गेले, अब्रू गेली, वर पोलिसांचं लचांड मागं लागलं. नाना मात्र चहा पिऊन, हवालदाराला पोराबाळांची खुशाली विचारून निवांत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. सव्वीस-सत्तावीसचा, सडपातळ, शर्ट नीट खोचलेला. सोबत त्याची आई होती. चाळीसगावचं बौद्ध कुटुंब, आई दवाखान्यात नर्स, वडील वारलेले. तिला मी बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ती बसली, आणि मग दोन दिवस तिथून हललीच नाही म्हणा ना.

“गाडी कुठून घेतलीस?”

“पुण्याला साहेब. कंपनीत सोबत होता, त्याच्याकडून. वापरलेलीच घेतली.”

“एवढी गाडी तुला परवडली कशी?”

त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. “साहेब, हा प्रश्न नानांना विचारला का?”

“ए, तोंड सांभाळून बोल!” हवालदार ओरडला. मी त्याला हातानं थांबवलं. उर्मट बोलणारा माणूस दोनपैकी एक असतो, एक तर निर्दोष किंवा चांगला सरावलेला. हा कोणता, ते मला कळत नव्हतं.

“विकलीस का?”

“नको झाली.”

“नको झाली म्हणजे? लहान पोराचं खेळणं आहे का?”

नंबर कोणी घासला विचारलं तर म्हणाला, माझ्याकडे होती तेव्हा स्वच्छ दिसत होता. ते तो ठाम बोलला. पण विक्रीचं कारण विचारलं की नजर जमिनीला. आणि मधूनच खालच्या आवाजात एकच प्रश्न, “साहेब, डायरीत माझं नाव लिहिलंय का?”

आता सांगतो, हा प्रश्न ऐकला की पोलिसाचे कान उभे राहतात. साध्या माणसाला स्टेशन डायरी म्हणजे काय हेही माहीत नसतं. माझा संशय पक्का होत चालला. मी आवाज चढवला. “नावाची एवढी काळजी कशाला? आधी कुठं नाव चढलंय का तुझं?”

तेव्हा तो फुटला. सरकारी नोकरीत त्याची निवड झाली होती. दूरच्या गावी हजर व्हायचं, तिथं ही गाडी कुठं नेणार म्हणून विकली होती. चारित्र्य पडताळणीचे कागद चाळीसगाव ठाण्यात येऊन पडले होते. “साहेब, चोरीच्या प्रकरणात नाव आलं तर माझी ऑर्डर गेली. म्हणून सांगत नव्हतो. तुम्ही लगेच तिकडं कळवाल असं वाटलं.” त्यानं बाहीनं डोळे पुसले.

रडणाऱ्यावर मी चटकन विश्वास ठेवत नाही. चाळीसगावला फोन लावला. निवड खरी, कागद खरे, मुलगा सरळ. तिकडचे अधिकारी म्हणाले, “तुमचं काय ते कळवा, तोवर मी अहवाल थांबवतो.” म्हणजे आता त्या पोराचं नशीब माझ्या टेबलावर येऊन पडलं.

त्याच संध्याकाळी जळगावहून मोटार वाहन निरीक्षक आले. त्यांनी इंजिनावरची माती पुसली, नंबर वाचला, कागदाशी ताडला. तंतोतंत. चेसिसचा नंबरही भिंगातून वाचता आला. गाडी अस्सल, कागदही त्याच गाडीचे.

“मग घासला कशाला?” मी विचारलं.

“चोर घासतो तेव्हा पार सपाट करतो आणि वर दुसरा ठोकतो. हे काम हौशी माणसाचं आहे,” ते म्हणाले. “आणि धातू बघा, अजून चकचकतोय. चार-आठ दिवसांपलीकडचं नाही.”

चार-आठ दिवसांपूर्वी गाडी नानांच्या खळ्यात होती.

मी नानांना फोन केला. मनात काय चाललंय ते कळू दिलं नाही. म्हटलं, “नाना, चौकशी लांबेल असं दिसतंय. गाडी आवारातच राहील.”

“राहू द्या साहेब,” नाना म्हणाले. “घाई नाही.”

मी फोन ठेवला आणि खिडकीतून आवारात पाहिलं. कुठल्याही ठाण्यात जा, जप्त गाड्यांचा ढीग दिसेल. टायर बसलेले, सीट फाटलेल्या, चाकांतून गवत उगवलेलं. हे लोकांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून सायकल जरी जमा झाली, तरी मालक रोज येऊन डोकं खातो, साहेब, तेवढा सुपूर्दनामा करा, आत्ता सोडा, हवं तेव्हा आणून दाखवतो. उभ्या नोकरीत जप्त गाडीबद्दल ‘घाई नाही’ म्हणणारा मालक मला हा एकच भेटला. ही गाडी आमच्या आवारात सडावी, हीच त्याची इच्छा होती.

पण का? इथं माझं डोकं चालेना. सकाळी पंचनाम्याचं निमित्त काढून नानांच्या घरी गेलो. नाना मळ्यात होते. त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या अक्का, यांनी ओसरीवर खुर्ची टाकली, पाणी दिलं. बाई मोकळ्या मनाची. त्यांना काही विचारावंच लागलं नाही.

“साहेब, ते गाडी नेली ना, लई बरं झालं,” त्या म्हणाल्या. “त्याइच्या पायाले हळद लावू लावू मी थकली.”

“पायाला काय झालं?”

“आता बाई! तुमाले माहीत नाही? बाजार समितीच्या गेटात पडले ना. पाय पुरत नाही जमिनीले. गाडी आंगावर आन् हे खाली. समद्या बाजारानं पाहिलं.”

मग सगळं बाहेर आलं. गाडी आली त्या दिवशी नानांनी तिला हार घातला, गावभर पेढे वाटले. तरुणपणापासूनची हौस होती. पण वैशाखातल्या उन्हात इंजिनाची धग मांड्यांना लागे. एक आरसा फुटला तर तो पुण्याहून मागवावा लागला. अक्का मागे बसायला तयार नाहीत. जिथं थांबतील तिथं लोक विचारणार, नाना, ॲव्हरेज किती देते? आणि वर ते बाजारातलं पडणं. त्यानंतर गाडी खळ्यातून बाहेर निघाली ती थेट टेम्पोत.

“विकून का टाकली नाही?” मी विचारलं.

“मी तेच म्हनलं. तर म्हने, पेढे वाटले लोकाइले, आता काय सांगू?” अक्का हसल्या. “मंग एक दिवस भरदुपारी कडबाकुट्टीची कानस घेऊन गाडीशी खुटखुट करत बसले. मले वाटलं, दुरुस्त करतात.”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. या बाईला आपण काय बोलून गेलो याची कल्पनाही नव्हती. तिथून निघताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुपारी नानांना ठाण्यात बोलावलं. मुलगाही होता आणि बाकावर त्याची आई. मी आडवळण घेतलं नाही. “नाना, कानस कुठं आहे?”

आधी ते रागावले. मी काय चोर आहे का, माझ्या घराण्याचं नाव काय, वर कोणाकोणाशी ओळखी आहेत, सगळं झालं. मी ऐकून घेतलं. मग खुर्चीत त्यांचे खांदे उतरले. “साहेब, मिटवून टाका. गैरसमज झाला असं लिहा.”

“कानस गैरसमजानं चालते का?”

“गाडी पोराला फुकट देतो. वर काय हवं ते देतो.”

“नाना, त्याला गाडी नको आहे. त्याला नोकरी हवी आहे.” मी डायरी पुढे ओढली. “यात त्याचं नाव चोरीच्या संशयात चढलंय. लिहिलेलं खोडता येत नाही. खोटी माहिती कोणी दिली आणि का दिली, हे तुम्ही जबाबात सांगितलं तरच तो यातून सुटतो. खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे. मी कोर्टाला कळवणार, तुम्हाला दंड होईल. पण पोरगा सुटेल.”

“दंड भरतो. पण ‘का’ ते लिहू नका.”

“गाडीवर बसायला भ्यालात, हे लिहावंच लागेल. नुसता ‘खोटं बोललो’ एवढा जबाब घेतला, तर उद्या लोक म्हणतील, पैसेवाल्यानं दबाव आणून प्रकरण मिटवलं. त्या पोरावरचा डाग तसाच राहील.”

नाना मान हलवत राहिले. अहो, मारामारीची कबुली देणारे मी पाहिलेत, लाच घेतल्याची कबुली देणारे पाहिलेत. हा माणूस गुन्हा कबूल करायला तयार होता, पण आपण भ्यालो हे सांगायला तयार नव्हता. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. तेवढ्यात मुलाची आई दारात येऊन उभी राहिली. हवालदार तिला अडवायला उठला, मी नको म्हटलं.

“नाना,” ती शांतपणे म्हणाली, “भ्याव वाटनं ते घरमा सांगी देवानं व्हतं. मना पोऱ्यानी तुमनं काय बिघाडं?”

एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावून परत बाकावर जाऊन बसली. नानांनी टेबलावरची डायरी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “लिहा साहेब.”

जबाब मी स्वतः लिहून घेतला. गाडी झेपली नाही. बाजारात पडलो, लोक हसले. पुन्हा बसायची भीती वाटू लागली. विकली तर भ्याला म्हणतील, चोरीची निघाली तर फसला म्हणतील. फसला म्हटलेलं चालणार होतं. म्हणून नंबर घासला. त्या मुलाचं काय होईल याचा विचार केला नाही. हे शेवटचं वाक्य मी सुचवलेलं नव्हतं, त्यांनी आपणहून घातलं. वाचून दाखवल्यावर त्यांनी सही केली.

त्याच दिवशी चाळीसगावला रीतसर कळवलं आणि पडताळणीचा अहवाल स्वच्छ गेला. मुलगा नोकरीवर हजर झाला. नानांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. गाडी कायद्यानं त्यांचीच होती, तेव्हा ती त्यांनाच परत घ्यावी लागली.

ती न्यायला ते आले तेव्हा मला वाटलं, टेम्पो आणतील. आणला नाही. सोबत एक गडी होता. नानांनी हँडल धरलं, गड्यानं मागून रेटा दिला, आणि ती उंच गाडी ढकलत दोघं भरबाजारातून निघाले. मी दारात उभा होतो. एका दुकानातून कोणीतरी हाक मारली, “काय नाना, पेट्रोल संपलं का?”

नाना थांबले. घाम पुसला. “पेट्रोल हाये रे,” ते मोठ्यानं म्हणाले. “भेव वाटते मले चालवाचं.”

दुकानदार हसला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. नाना गाडी ढकलत पुढं गेले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत फिर्याद घेताना मी एक गोष्ट आधी पाहत आलो. हा माणूस न्याय मागायला आलाय, की कोणासमोर मान खाली जाऊ नये म्हणून आलाय? दुसऱ्या प्रकारचे लोक वाईट नसतात. पण त्यांची मान वर राहावी म्हणून दुसऱ्या कोणाची तरी खाली जाते. नाना त्या दिवशी रस्त्यात जे बोलले, ते एखाद्या संध्याकाळी जेवताना अक्कांना बोलले असते, तर अक्का थोड्या हसल्या असत्या आणि ताटात भाकरी वाढली असती. त्या आईला आमच्या दारात बसावं लागलं नसतं.