टाळूवरचं सानं

सोलापुरातल्या भवानी पेठेत मी हॉटेल बांधलं, पण त्याचा नकाशा कागदावर कधी निघालाच नाही. कागद कशाला लागतो, असं मी ज्याला त्याला ऐटीत सांगत असे. चार विटा, सुतळीचं भेंडोळं आणि चुन्याची फक्की एवढ्या सामानावर मी त्या मोकळ्या जागेत सगळं हॉटेल आखलं. गिरणीत मागावर दहा वर्षं काढलेला माणूस मी, धागा सरळ धरायची सवय होती, त्यामुळे आखणी अगदी सरळ आली. वाकडं पुढे झालं, आणि ते माझ्याच हातून झालं.

आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे. ज्वारीच्या रानातून उठून गिरणीत आलो, तेव्हा बायको घरीच गिरणीतल्या आठ-दहा जणांना जेवू घालायची. खोली एकच होती, पण चूल बाहेर पडवीत असे आणि धूर मोकळ्यावर जाई. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, तुरीची आमटी. खाणारे बोटं चाटत. पुढे एकदा जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, मला आईवरून शिवी दिली, मी त्याची गचांडी धरली आणि त्याच दुपारी घरी येऊन बसलो. माझं डोकं पहिल्यापासून असंच आहे, आधी पेटायचं आणि मग विचार करायचा. बायको म्हणाली, "झालं ते झालं. माझ्या भाकरीवर एवढी मान्सं जगत्यात, आपण दोघं न्हाय का जगणार?" तिच्या या एका वाक्यातून हॉटेल निघालं. वाटणीचं रान थोरल्या भावाला विकलं आणि पेठेतली ती जागा घेतली.

सुतळी बांधून झाली त्या संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि सगळी पेठ हॉटेल बघायला लोटली. तिथे बघायला काय होतं? जमिनीवर चुन्याच्या रेघा. पण मी एकेकाला बोलावून बाकांच्या रेघांवर बसवलं, म्हटलं, बसून बघा, दाटी होते का सांगा. लोक बसले. एकाने नसलेल्या भज्यांची नसलेली बशी मागवली, दुसऱ्याने चहा गार आहे म्हणून कुरकुर केली, सगळे हसले. गंमत म्हणजे त्या नसलेल्या हॉटेलातसुद्धा जो तो आपापल्या जातीजवळ जाऊन बसला होता. तेलुगू बोलणारे साळी एका रेघेला, लिंगायत मंडळी दुसऱ्या रेघेला, आणि काही जण तर रेघेच्या बाहेरच उभे राहिले, त्यांना कोणी आत बोलावलं नाही. मीही नाही बोलावलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दार पूर्वेला, रस्त्यावर असावं. बाकं साळीवाड्यातल्या सुताराकडून करावीत. समोरच्या भिंतीला मोठा आरसा लावावा, म्हणजे गिऱ्हाईक स्वतःलाच बघत दोन भाकऱ्या जास्त खातं. मी सगळं ऐकून घेत होतो आणि रेघा पुसून पुन्हा मारत होतो. पुढची खोली रोज फूटभर वाढायची. मागे पश्चिमेला जे उरेल ते स्वयंपाकघर. त्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. ज्यांना तिथे कधी बसायचंच नव्हतं, ते कशाला बोलतील?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी बायको आली. डोक्यावर पाण्याची घागर होती, ती खाली ठेवून रेघांच्या आत उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, "माजी चूल कुटं?"

मी मागचा कोपरा हाताने दाखवला. ती तिथे गेली आणि लुगडं सावरून खाली बसली. खरंच बसली, उन्हात, तापलेल्या मातीवर. डाव्या हाताला परात धरल्यासारखं केलं, उजव्या हाताने भाकरी थापली, उलथली, फुंकणी मारली. उठली, चार हात सरकली, पुन्हा बसली. अशा तीन जागा तिने बघितल्या. शेवटी मागच्या दाराजवळच्या वायव्येच्या कोपऱ्यात बसून तिने वर बघितलं. वर आभाळाशिवाय काही नव्हतं. गवंडी तिथेच काम करत होता, त्याला म्हणाली, "चाचा, सानं हितं ठेवा. बरुबर माज्या टाळूवर. बाकी कसं का बांधा."

सानं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक. सोलापुरात तेव्हा बहुतेक घरांना मातीचं सपाट माळवद असे, आणि त्याच्या सान्यातून आत उजेड येई नि बाहेर धूर जाई. सबंध हॉटेलात तिने एवढंच मागितलं. गवंडीचाचाने तिथे दगड ठेवून खूण केली आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "नकाशा तो इसने बनाया, मियाँ. तुम तो सुतली खींचते बैठे."

पावसाळ्याआधी काम उरकलं. भिंती दगडमातीच्या. वर तुळया, तुळयांवर लाकडी ढलप्या, त्यावर पाला आणि मग पांढऱ्या मातीचा जाड थर. तो तुडवायला पेठेतली पोरंसोरंसुद्धा चढली होती. सानं बरोबर त्या दगडाच्या वर आलं, हातभर लांब, हातभर रुंद. तिने स्वतः माती कालवून त्याखाली दोन तोंडांची चूल घातली. पहिल्यांदा जाळ केला तेव्हा धूर दोरी धरून चढल्यासारखा सरळ वर निघून गेला. ती चुलीपुढे बसून वर बघत राहिली. मला म्हणाली, "आता राणीवाणी बसून भाकरी करीन बगा." लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण तिला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

वास्तुशांतीला पेठेतली सगळी बडी मंडळी आली. त्यांत शेजारच्या भुसार दुकानाचे म्हातारे मालक होते, सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, शब्दाला वजन. लग्नाचे मुहूर्त, विहिरीची जागा, सगळं पेठ त्यांना विचारून करायची. ते पुढच्या खोलीत आरसा बघून मान डोलवून झाले आणि मग आत गेले. चुलीपुढे थबकले.

"एनप्पा, काय रे हे, अग्नी वायव्येला?" ते म्हणाले. "वायव्य म्हंजे वाऱ्याची दिशा. अग्नी आग्नेयेला पायजे. हॉटेल वाऱ्यावर जाईल की रे तुजं."

वाऱ्यावर जाईल. एवढा एकच शब्द. बोलताना त्यांना तो सुचला, कानाला बरा लागला, म्हणून बोलून गेले असावेत. पण बाहेरच्या खोलीत कुजबुज सुरू झाली ती मला ऐकू आली. गिरणी सुटलेली, रान गेलेलं, आणि हॉटेल वाऱ्यावर! मला शास्त्र कळत नव्हतं, आजही कळत नाही. मला फक्त भीती वाटली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. आम्ही ऐकलंही जनाचं आणि केलंही जनाचंच.

मी कुदळ मागवली. बायको पुढे झाली, पदर तोंडाशी धरून हळू म्हणाली, "अवो, चूल तिकडं नेली तर धूर कुटनं जायचा? सानं हिकडं ऱ्हातंय की."

"गप बस," मी म्हणालो. चार माणसांत, मोठ्याने. "बाईमाणसानं मधी बोलू नये."

तिने घातलेली चूल अजून आतून ओलीच होती, एका घावात फुटली. तासाभरात आग्नेयेच्या कोपऱ्यात, पुढच्या खोलीच्या भिंतीला चिकटून नवी चूल उभी राहिली. अप्पांनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. सानं राहिलं तिथे, दूरच्या कोपऱ्यात. गवंडीचाचाला मी बाजूला घेऊन विचारलं, इथे दुसरं भोक पडेल का? तो म्हणाला, "ताजा माळवद है, अभी नको. एक बारिश पीने दो इसकू. फिर मारते."

तो पावसाळा गेला. हॉटेल चाललं. वाऱ्यावर गेलं नाही म्हणून लोक अप्पांना हात जोडत, मीही जोडत असे. पण धूर आता सान्याकडे जायच्या आधी मधल्या भिंतीवरून पुढच्या खोलीत उतरायचा. गिऱ्हाइकं खोकायला लागली, एकाचं पांढरं धोतर पिवळं पडलं म्हणून तो रागावला. मी लगेच इलाज केला. मधली भिंत विटा लावून थेट माळवदापर्यंत चढवली आणि ताटं द्यायला-घ्यायला वीतभर उंचीचा झरोका ठेवला. पुढची खोली झकास झाली. मागच्या खोलीचं काय झालं ते तिला ठाऊक.

बाभळीचं लाकूड पावसाळ्यात ओलं असे, तुराट्याही सादळलेल्या. झरोक्यातून ताट बाहेर यायचं ते तिच्या खोकल्यासकट. डोळ्यांतून सारखं पाणी. मी विचारलं की म्हणायची, "कांदा चिरला." मला ते उत्तर सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं धरलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भोक पाडू म्हणालो, तर पुढे दिवाळी. मग गिरणीचा पगाराचा आठवडा. मग लग्नसराई. सानं पाडायचं म्हणजे हॉटेल एक दिवस बंद, वरून माती पडणार, भांडी झाकायची, चूल विझवायची. एक दिवस! तो एक दिवस मला सहा वर्षं सापडला नाही. तीही नंतर विचारेनाशी झाली.

एका दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाने आमटीतून खडा काढून माझ्यापुढे ठेवला. आठवड्यातला तिसरा खडा. माझं डोकं फिरलं. आत गेलो आणि तिला वाटेल ते बोललो. डोळे फुटले का तुझे, असंही म्हणालो. हे शब्द माझेच आहेत, दुसऱ्या कोणाचे नाहीत. ती डाळ निवडत होती. सुपाकडे न बघता, एकेक दाणा अंगठा आणि बोटात चुरून, बाजूला टाकत. माझं बोलणं संपेपर्यंत तिची बोटं थांबली नाहीत. मग म्हणाली, "खडा बी दाण्याएवडाच असतू वो. हाताला घावला तर घावला."

मी तिच्यापुढे खाली बसलो तेव्हा मला कळलं, ती माझ्या आवाजाकडे तोंड करून होती, माझ्याकडे नव्हे.

डॉक्टरने कंदील डोळ्यांजवळ धरून बघितलं. दोन्ही बुबुळांवर फूल पडलं होतं, पांढरं. तो म्हणाला, फार वर्षांचं आहे, आता उपाय नाही. मग त्याने मला विचारलं, धूर कुठे जातो? मी सांगायला लागलो, पुढे अशी खोली आहे, इतकी बाकं आहेत, मधली भिंत वरपर्यंत नेली आहे. त्याने मला थांबवलं आणि पुन्हा विचारलं, "स्वयंपाकघरातला धूर कुठे जातो?" 

तिला घरी पोचवून परत फिरलो आणि अप्पांच्या दारात थांबलो. का थांबलो कोण जाणे, भांडायला असेल. ते आजारी होते, म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या घरात आतपर्यंत गेलो. त्यांच्या सुनेने चहा ठेवला होता. चूल उत्तरेच्या भिंतीला होती. मी बघतच राहिलो. अप्पांच्या ते लक्षात आलं. "आमचं जुनं घर," ते म्हणाले, "आता कोन हलवतंय?" मी चहा घेतला आणि न भांडता बाहेर आलो. भांडायचं कोणाशी? कुदळ तर माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद ठेवलं. गवंडीचाचा आता थकला होता, त्याने पुतण्याला पाठवलं. आम्ही दोघे वर चढलो, पहारीने माती उकरली, ढलप्या कापल्या, कडेला दगड बसवले. सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या जेवणाआधी संपलं. शेजारचा एक जण बघून गेला आणि जाता जाता म्हणाला, "बैल गेला आणि झोपा केला." मी त्याच्यावर ओरडलो नाही.

माती झाडून काढली. ती चाचपत आली, चुलीपुढे आपल्या जागेवर बसली. मी नको म्हटलं तरी तिने जाळ घातला. ऊन थेट तिच्या डोक्यावर उतरलं होतं. पदर घसरला होता, तो तिने पुन्हा वर घेतला नाही.

"पाडलं बघ सानं," मी म्हणालो.

"कळलं की. ऊन लागतंय."

तिने परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली.  मग तोंड वर करून, उघड्या पांढऱ्या डोळ्यांनी, तिने विचारलं, "धूर वर जातोय का वो? मला सांगा की."

"जातोय," मी म्हणालो. "सरळ वर जातोय."