माडीवरचं हॉस्टेल

मुलीला लांब शिकायला जायचं असतं, आईबाप नको म्हणतात, मुलगी रडते, भांडते आणि शेवटी बॅग भरते. ही गोष्ट लोकांना ऐकायला आवडते. माझी गोष्ट नेमकी उलटी आहे. मला पनवेललाच शिकायचं होतं आणि माझे आईबाप म्हणत होते, पुण्याला जा.

सुकापूरच्या पुढे आमचं गाव. गाव म्हणायचं सवयीनं. बाजूला टॉवर उभे राहिले, शेतं गेली, पण आमची आळी, भावकी आणि एकमेकांच्या घरात न विचारता शिरायची पद्धत जागच्या जागी आहे. बारावीनंतर मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक पुण्याचं नावाजलेलं कॉलेज, आणि दुसरं पनवेलचं, नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली की झालं. विषय तोच, राज्यशास्त्र. पुण्याच्या यादीत नाव आलं त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले. मला न विचारता वाटले. बाबांचा स्वतःचा एक ट्रेलर आहे, न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरची ने-आण करतात. तिथल्या चहाच्या टपरीपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळलं की यांची मुलगी पुण्याला चालली.

संध्याकाळी जेवताना मी सांगितलं, "मी पनवेलला शिकनार."

बाबांनी घास ताटात ठेवला. "पनवेल काय शिकायची जागा हाय? पनवेलला मानूस बाजाराला जातो."

"पुस्तकं दोन्हीकडं तीच हायेत, बाबा."

"पुस्तकं तीच असतील. नावाचं काय?"

नावाचं काय! या एका प्रश्नाचा मला आजही राग येतो. जवळचं कॉलेज म्हणजे ज्यांना दुसरीकडे कुठे मिळालं नाही त्यांचं, असं कुणी ठरवलं? तिथले प्राध्यापक काय कमी शिकलेले असतात? पनवेल, उरण, कर्जतच्या गावांतून पोरं-पोरी तिथे येतात, पहाटे उठून, दोन-दोन वाहनं बदलून. त्यांच्या शिक्षणाला बाजार म्हणायचं, आणि गाडीत बसून घाट चढला की तेच शिक्षण मोठं? माझा मोठा भाऊ याच पनवेलच्या कॉलेजातून बी.कॉम. झाला. त्याला कुणी पुणं सुचवलं नव्हतं. त्याच्या वेळी पनवेल चांगलं होतं!

मला इथेच राहायचं होतं त्याला कारणही साधं होतं. आम्ही गावातली काही पोरं-पोरी पत्रकं काढायचो. शाळेसमोरच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रेलरांविरुद्ध, तुंबलेल्या गटारीविरुद्ध, बंद पडलेल्या वाचनालयासाठी. पहिल्या पत्रकासाठी जो फोटो काढला त्यात सगळ्यात पुढे बाबांचाच ट्रेलर होता, आणि तो मी कापू दिला नाही. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण ट्रेलर मात्र दुसरीकडे लावायला लागले. आता सांगा, पुण्याच्या कुठल्या शाळेसमोर माझं काय काम होतं? राज्यशास्त्र शिकायचं ते जिथे वापरायचं तिथेच शिकावं, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

बाबांचं म्हणणं मी खोडू शकत होते. खरी अडचण आईची होती, कारण ती भांडतच नव्हती. "पुन्याला जा," एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

एका दुपारी ती कोलंबी सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळे मुद्दे मांडले. मेसचं जेवण, खोलीतल्या अनोळखी मुली, आजारी पडले तर कोण, इथले मित्र, इथलं काम. मी चांगलं बोलते, हे मला माहीत आहे. बोलून संपल्यावर वाटलं, हिला पटलं.

आई म्हणाली, "झालं बोलून? मंग आता सांग, इथं बसल्यापासून काय केलंस?"

"बोलले."

"आनि हातानं?"

मी खाली बघितलं. माझ्या पुढ्यात सोललेल्या कोलंबीचा ढीग होता. तिने ताटली माझ्याकडे कधी सरकवली आणि मी कधी सोलायला लागले, मला कळलंच नव्हतं.

"पुन्याला तुला कोन कोलंबी सोलायला बसवनार हाय?" आई म्हणाली. "काल काकीकडं पाव्हने आले, च्या कोनी केला? तू. परवा त्या कोपऱ्यावरच्या घरात डोहालजेवान, फुलांच्या वेन्या कोनी केल्या? तू. तुला कोनी जबरदस्ती नाय केली. पोरगी घरात दिसली की लोकांना काम आठवतं. जवल राहून शिकशील कवा?"

"तू काम सांगू नको ना मंग."

"मी नाय सांगितलं तर काकी सांगल. काकी नाय तर आत्या. सगल्यांशी रोज भांडशील? भांडशील म्हना तू. पन मंग शिकायचं राहिलंच ना."

"दादा नाय का शिकला याच घरात? हॉलमध्ये टीव्हीसमोर पुस्तक घेऊन बसायचा."

"त्याला कोनी च्या कराय सांगितला?" आई म्हणाली. "म्हनून तर तो शिकला."

सगळे मला पाठवत होते नावासाठी, आणि आई मला पाठवत होती या घरापासून वाचवायला. तिचं स्वतःचं शिक्षण नववीत थांबलं होतं. शाळा तिच्या माहेरच्या घरासमोरच होती. इतकी समोर, की मधल्या सुट्टीत तिला भाकऱ्या थापायला बोलवायचे. हे तिने मला त्याच दुपारी सांगितलं, कोलंबी धुताधुता, पाठ माझ्याकडे करून.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला नाही. बाबांना वाटलं, आपण जिंकलो. मग मीच म्हणाले, "आईचं खरं हाय. पन तरी मी पनवेललाच जानार. कामं कशी टालायची ते मी बघीन."

बाबा वैतागले. "अगो, पन मी लोकांना काय सांगू? सगल्यांनी पेढे खाल्लेत माझे! पोरगी पुन्याला नाय गेली, माडीवरच बसलीय, असं सांगू?"

आई भात वाढत होती. ती बाबांकडे वळली.

"पुन्याला गेली, असंच सांगा."

"आनि ती दिसल तेव्हा?"

"दिसनार नाय. माडी म्हंजे हॉस्टेल. कॉलेजातून आली की वर. जेवायला खाली, परत वर. कोनी विचारलं तर मी सांगीन, हॉस्टेलला हाय. हे कबूल असल तर पनवेल. नाय तर बॅग भर."

मला वाटलं ती चिडून बोलतेय. पण दुसऱ्या दिवशी तिने माडीवरच्या खोलीतून गाद्यांचा ढीग, पिठाचे डबे आणि दादाचं मोडकं व्यायामाचं सामान खाली आणलं. टेबल वर चढवलं. शेवटी खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. माझ्या हक्कासाठी मी बरंच काही लिहिलंय, पण त्या कडीइतकं उपयोगाचं काही लिहिलेलं नाही.

गावाला अर्थातच सगळं कळलं. आमच्या गावात काही लपत नाही. नाक्यावरचे रिक्षावाले काका मी येताना दिसले की ओरडायचे, "चला, पुणे पुणे पुणे! एक सीट पुणे!" आणि आत बसलेले सगळे फिदीफिदी हसायचे. संध्याकाळी उतरले की, "काय, घाटात ट्रॅफिक होतं काय?" बाबांना पोर्टवर विचारायचे, "पोरगी सुट्टीला कवा येनार?" बाबा पहिला महिनाभर ओशाळले. मग तेच सांगायला लागले, "रेक्टर लय कडक हाय, सोडत नाय."

आणि रेक्टर खरंच कडक होती. कुणी हाक मारली की आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी. "नाय हो, ती हॉस्टेलला हाय." समोरचीला वरून माझा खोकला ऐकू यायचा, तरी आई ढिम्म. लोक हसायचे आणि परत जायचे. मला हे समजायला वेळ लागला. "तिला अभ्यास आहे" म्हटलं असतं तर लोकांनी ऐकलं नसतं. अभ्यास म्हणजे मोडता येणारी गोष्ट, पाच मिनिटांसाठी ये म्हणता येतं. पण पुण्याच्या माणसाला पाच मिनिटांसाठी कसं बोलावणार? सगळ्यांना खोटं माहीत होतं आणि तरी सगळे ते पाळत होते.

मला याचा रागही येतो, हेही लिहून ठेवते. स्वतःच्या घरात दोन तास वाचायला मिळावेत म्हणून मुलीने गैरहजर असल्याचं जाहीर का करावं लागतं? मुलगा घरात असतो तेव्हा तो अभ्यास करत असतो. मुलगी घरात असते तेव्हा ती मोकळी असते. हे चूक आहे, आणि हॉस्टेलने ते दुरुस्त झालं नाही. आईला मी तसं म्हटलंही.

ती म्हणाली, "ते तू दुरुस्त कर शिकून झाल्यावर. तवर वर जा."

हॉस्टेलची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी आली. शेजारच्या घरातल्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं, हळदीचा दिवस माझ्या पेपरच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी. तांदूळ निवडायला भावकीतल्या सगळ्या बायका-पोरी बसतात, आणि जी बसत नाही तिचं नाव पुढच्या दहा लग्नांत निघतं. काकी, म्हणजे नवरीची आई, सकाळीच आली.

"पोरीला पाठव."

"ती हॉस्टेलला हाय."

"अगो, आज कसलं हॉस्टेल! घरचं लगीन हाय. वर पंखा फिरतोय, दिसतोय मला."

"तो पुन्यात फिरतोय," आई म्हणाली.

काकी हसली नाही. "मस्करी बास झाली. माज्या पोरीच्या तांदलाला तुजी पोर नाय येनार? लोक काय म्हनतील मला?"

मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहून ऐकत होते. आणि खरं सांगते, मला जायचं होतं. मांडव सजला होता, बँजोवाले आले होते, मला नाचायचं होतं. वाटलं, एक दिवस. तासभर तांदूळ निवडते, संध्याकाळी थोडी नाचते, मग वाचते. मी दोन पायऱ्या उतरले.

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला ती नववीतली मुलगी आठवली, मधल्या सुट्टीत भाकऱ्या थापणारी. तिलाही कुणी तरी एकाच दिवसासाठी बोलावलं असणार. मी पायऱ्या परत चढले आणि कडी लावली.

खाली आई काकीला म्हणाली, "तिच्या वाटनीचे तांदूल मी निवडते. दोन बायकांचं काम करीन. चल." आणि पदर खोचून ती गेली. दिवसभर लग्नघरी बसली. बँजो सुरू झाला तेव्हा माझ्या खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि मी राज्यघटनेचं प्रकरण मोठ्यानं वाचत होते, स्वतःलाच ऐकू यावं म्हणून. पेपर बरा गेला. दुपारी मी लग्नाला गेले, भरपूर जेवले आणि वरातीत पाय दुखेस्तोवर नाचले. काकी माझ्याशी धड बोलली नाही. नवरी मात्र बोलली. गर्दीत माझा हात धरून म्हणाली, "बरं केलंस नाय आलीस." तिने कॉलेज पहिल्या वर्षानंतर सोडलं होतं. सोडलं म्हणजे कुणी सोडायला लावलं नव्हतं. घरातली कामं होती, तासाला जायचं राहून गेलं, मग परीक्षा राहून गेली.

काकीचा अबोला पावसाळा संपेपर्यंत टिकला. आमच्यात तो फार मोठा मानला जातो, कारण दोन्ही घरांची मागची दारं समोरासमोर आहेत.

मग एका संध्याकाळी ती मागच्या दाराने आली. आई मासे साफ करत होती. काकी तिथेच पाटावर बसली आणि उगाचच इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, "धाकटीची बारावी हाय यंदा."

"माहीत हाय."

"घरात बसायला जागा नाय तिला. म्हंजे जागा हाय. पन... तुज्या हॉस्टेलात एक खाट बसल काय?"

आईने हात धुतले. तिने काकीला मागचं काही ऐकवलं नाही. मी ऐकवलं असतं. ती फक्त म्हणाली, "बसल. पन मधेच हाक मारायची नाय. मीठ संपलं, पाव्हने आले, काय बी झालं तरी नाय. जमल?"

"जमल."

"आनि चादर तुमच्याकडची."

धाकटी त्याच आठवड्यात आली. पुस्तकं, चादर आणि स्वतःचा टेबल फॅन घेऊन. ती वाचताना पाय हलवते, टेबल हलतं, आमची रोज भांडणं होतात. मी शेवटच्या वर्षाला आहे. शाळेसमोरचा रस्ता अर्धा मोकळा झालाय, अर्ध्यासाठी नवं पत्रक लिहायचंय. माझं बरं चाललंय.

परवा मी खिडकीत उभी होते. काकीच्या दारात कुणी पाहुण्या बाई आल्या होत्या आणि विचारत होत्या, धाकटी कुठे आहे, जरा पाणी आणायला सांगा ना. काकीने आमच्या माडीकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतः उठली, तांब्या भरला, बाईंच्या हातात दिला आणि सरळ चेहऱ्याने म्हणाली,

"ती हॉस्टेलला असते हो."