पट्टीची पालथी बाजू

परवा नातवाबरोबर गॅरेजात बसले होते. कुणीतरी तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं, आणि तो वास नाकात शिरताच मी विंझरला, सरूकाकी लोहारणीच्या भट्टीपुढं जाऊन उभी राहिले.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याची एक पट्टी देऊन सासूबाईंनी मला धाडलं होतं, हिचा कोयता होईल का ते विचारायला. काकीचा नवरा जाऊन महिना झाला होता. बाईनं दिलेलं पाणी धारेला टिकत नाही, असं गावात लोक बोलायला लागले होते.

भर दुपारी काकीनं दार लोटून घेतलं. लोखंडाचा रंग अंधारातच कळतो. भाता मी ओढला. पट्टी लाल झाल्यावर तिनं नुसतं टोक पाण्यात धरलं, मग निवलेली पट्टी माझ्या हातात दिली आणि टोकापासून मागं कानस ओढत गेली. पोलाद कडक झालं होतं तिथवर कानस नुसती घसरत होती. टोकापासून चार बोटांच्या अंतरावर ती लोखंडाला चावली. काकीनं तिथं खडूची रेघ ओढली.

"हितवर पानी चढलंय," नवऱ्याच्या रिकाम्या जागेकडं बघत ती म्हणाली. "तुमी बी बगा."

मग मला म्हणाली, "पालथी कर, पोरी."

पालथ्या बाजूलाही, नेमकी तिथंच, खडूची रेघ होती.

"त्यांची बी हितंच," काकी म्हणाली, आणि तिनं हातोडा उचलला.

ती रेघ काकीनंच आधी ओढली असेल, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण पट्टी माझ्यासमोर लालबुंद झाली होती, आणि निवल्यापासून ती माझ्याच हातात होती.