वकीलसाहेबांची बोहणी

लातूरच्या गोलाईत, म्हणजे गोल बाजारपेठेत, शरणप्पाचं दुकान होतं. कुलपं, कंदील, छत्र्या, अडकित्ते, कडी-कोयंडे, म्हणजे जे जे लोखंडाचं नाहीतर पत्र्याचं असेल ते ते तिथं मिळायचं. त्याची बायको शिवकांता म्हणायची, दुकानाचा मालकही त्याच मालातला आहे, फक्त पत्र्याच्या बाजूचा. लगेच वाजतो आणि लगेच वाकतो.

शरणप्पा सकाळी लिंगपूजा उरकायचा, कपाळावर भस्माचे पट्टे ओढायचा, दुकान उघडून उंबऱ्यावर पाणी शिंपडायचा आणि बोहणीची वाट पाहत बसायचा. गोलाईतला दुकानदार निजामाच्या तालुकदाराला भीत नसेल इतका बोहणीला भ्यायचा. पहिल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, उधार द्यायचं नाही आणि रिकाम्या हातानं तर मुळीच जाऊ द्यायचं नाही. ते रिकामं गेलं की अख्खा दिवस माशा मारण्यात जाणार, हे ठरलेलं.

आणि शरणप्पाच्या नशिबी रोजचं पहिलं गिऱ्हाईक होतं बापूसाहेब वकील.

बापूसाहेबांनी गूळ-मीठ सोडलं तर गोलाईतून उभ्या जन्मात काही घेतलं नव्हतं. त्यांच्याकडे लंडनच्या एका बड्या दुकानाचा जाडजूड कॅटलॉग यायचा. छत्री असो, वस्तरा असो, नाहीतर पाठ खाजवायची काठी असो, सगळं तिथून. माल बोटीनं मुंबईला उतरायचा, रेल्वेनं कुर्डुवाडीला यायचा, तिथून बार्शी लाईटच्या चिमुकल्या गाडीत बसून रमतगमत निघायचा आणि निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पाहुणचार घ्यायचा. ज्या पावसाळ्यासाठी छत्री मागवली तो सरून जायचा. मग वकीलसाहेब ती उन्हात मिरवायचे आणि म्हणायचे, "विलायती छत्रीची सावलीसुद्धा गार असते."

पण कॅटलॉगात एक खोट होती. त्यात नुसती चित्रं. वस्तू हातात धरून, उघडून, मिटून पाहायची सोय लंडनवाल्यांनी केली नव्हती. ती शरणप्पानं केली होती, म्हणजे त्याला करावी लागत होती.

"काय शरणप्पा, ती मोठी छत्री दाखवा बरं."

"घ्या साहेब. लई मजबूत हाय."

बापूसाहेब छत्री उघडायचे, मिटायचे, खांद्यावर टाकून गोलाईत चार पावलं चालून यायचे. "वजन बरोबर आहे. मूठ मात्र जरा लांब हवी." मग खिशातल्या पेन्सिलीनं कॅटलॉगातल्या छत्रीवर खूण करायचे. "ही मागवतो. तुमचे फार उपकार झाले." आणि निघायचे. रिकाम्या हातानं.

शरणप्पानं उपाय करून पाहिले. दुकान उशिरा उघडलं, तर वकीलसाहेबही सकाळचा फेरफटका लांबवून उशिरा येऊ लागले. मग त्यानं शिवकांतालाच बोहणीला उभं केलं. तिनं कंदिलाची वात उचलली आणि हुज्जत घालायला सुरुवात केली.

"एवढ्याला? पलीकडं दोन मिळत्यात."

"अगं, बोहणी करतूय का वाटणी? टाक पैसा."

"घरच्या मानसाला बी तोच भाव? अशानं कोन येतंय तुमच्या दुकानात!"

ती वात ठेवून तरातरा निघून गेली. मागं बापूसाहेब उभेच होते. "शरणप्पा, दावा खारीज! आता तो कंदील दाखवा."

त्या दिवशी रात्री जेवताना शिवकांता म्हणाली, "जगाला इकता आन एका वकिलाम्होरं हात टेकता. त्यानला एक खिळा जरी इकून दावलात ना, तर मी तुमाला दुकानदार म्हनन. तवर तुमी निसतेच शरणप्पा."  वकिलाला काहीतरी विकल्याशिवाय आपल्याच घरात आपल्याला भाव नाही, हे शरणप्पाच्या मनात तेव्हापासून रुतून बसलं.

पुढं बापूसाहेबांच्या मुलीचं, सौदामिनीचं, लग्न नांदेडच्या घराण्यात ठरलं. आहेर, दागिने, लाडू ठेवायला माजघरामागच्या कोठीला भक्कम कुलूप हवं होतं. वकीलसाहेब कुलूप बघायला आले. शरणप्पानं मूठभर वजनाचं कुलूप पुढं ठेवलं आणि किल्ली फिरवून बंद करून दाखवलं.

"म्हणजे हे लावायलाही किल्ली आणि काढायलाही किल्ली?" बापूसाहेब हसले. "दुप्पट कटकट! हे चित्र पाहा. नुसतं दाबायचं, खट्! किल्लीशिवाय बंद."

"हाव साहेब," शरणप्पा म्हणाला, "पर आमच्या कुलपाला किल्ली हातात लागती, म्हून ती कुठं इसरत न्हाई."

"विसरणं हा गोलाईचा स्वभाव आहे, शरणप्पा. आमचा नाही."

विलायती कुलूप लग्नाच्या आठवडाभर आधी पोचलं, हेच एक आश्चर्य. ते लावायला मलप्पा सुतारानं जो कडी-कोयंडा ठोकला, तो मात्र शरणप्पाकडचा होता. शरणप्पानं घरी जाऊन छाती फुगवली. शिवकांता म्हणाली, "त्यो मलप्पानं घेतला. वकिलानं न्हाई."

लग्नाच्या दिवशी सकाळी वकिलांच्या घरून माणूस धावत आला. "चला, आईसाहेबांनी बलावलंय! हातोडा घिऊन चला!"

झालं होतं असं, की व्याह्यांना विलायती कुलपाची करामत दाखवावी म्हणून बापूसाहेबांनी दोन्ही किल्ल्या कोठीत खुंटीला अडकवल्या. "पाहा हं, किल्लीची गरजच नाही," असं म्हणत दार ओढलं आणि कुलूप दाबलं. खट्. व्याही "वाहवा" म्हणाले. मग बापूसाहेबांनी कुलूप उघडून दाखवायला खिशात हात घातला.

आत मंगळसूत्र होतं, नवरीची अष्टपुत्री साडी होती, अंतरपाट होता. मुहूर्त तासाभरावर आला होता. वकिलीणबाई इंदूबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. विहीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटत होत्या, "आमच्या नांदेडला दारं उघडायसाठी करतात."

शरणप्पानं आणलेल्या साऱ्या किल्ल्या लावून पाहिल्या. विलायती कुलूप ढिम्म.

"कुलूप तुटायचं नाही," बापूसाहेब म्हणाले. अशा वेळीही आवाजात थोडा रुबाब होताच.

"मग कोयंडा तोडा," व्याही म्हणाले.

 कोयंडा शरणप्पाच्या दुकानातला. तो तुटला, तर विलायती टिकलं आणि गोलाईचं मोडलं, असा बोभाटा होणार. वकीलसाहेब मरेपर्यंत ते सांगत फिरणार. आणि नाही तुटला, तर पोरीचा मुहूर्त टळणार. त्यानं सौदामिनीकडं पाहिलं. मुंडावळ्या बांधलेली पोर रडायच्या बेतात होती. "शिव शिव," म्हणून त्यानं डोळे मिटले आणि हातोडा घातला. एक, दोन, तीन. दणादण.

कोयंडा हलला नाही.

शरणप्पाला मनातून आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. बापूसाहेब कुलपाकडं बघत होते, शरणप्पा कोयंड्याकडं. दोघांच्याही तोंडावर अभिमान, आणि आत मंगळसूत्र.

"बाबा," सौदामिनी हळूच म्हणाली, "दारच काढा की."

"काय?"

"लहानपणी आम्ही या दारावर झोके घ्यायचो. खालून उचललं की खळगीतून निघतं. मला दोनदा चोप दिलाय तुम्ही त्यापायी."

चार जण सरसावले. दार उचललं, आणि कुलपाच्या उलट बाजूचं कुसू, म्हणजे दार ज्यावर फिरतं तो खुंट, खळगीतून सुटलं. आता ते सबंध दार विलायती कुलपावर आणि लातूरच्या कोयंड्यावर तोलून उलट्या बाजूनं उघडलं. अख्ख्या वऱ्हाडानं असं उघडणारं दार कधी पाहिलं नव्हतं. इंदूबाई त्या फटीतून आत शिरल्या आणि मंगळसूत्र घेऊन बाहेर आल्या. विहीणबाईंना बोलायला काही उरलं नाही, हा त्या लग्नातला दुसरा चमत्कार.

पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शरणप्पा उंबऱ्यावर पाणी शिंपडतो न शिंपडतो तोच बापूसाहेब हजर. शरणप्पानं सवयीनं छत्री काढली.

"छत्री नको. काल तुमच्या हातोड्यालाही दाद दिली नाही तो कोयंडा. तसाच एक द्या."

शरणप्पाला आपल्या कानांवर भरवसा बसेना. "इकत, साहेब?"

"मग काय उसना?" बापूसाहेबांनी पैसे पुढं केले. शरणप्पानं ते डोळ्यांना लावले, गळ्यातल्या लिंगाला लावले आणि कोयंडा कागदात असा गुंडाळला, की जणू तो सोन्याचा आहे.

"पर साहेब, कोठीला तर हाय की कोयंडा."

"आहे, पण एकाच बाजूला. काल पाहिलंत ना, चोर दुसऱ्या बाजूनं शिरेल. तिकडेही कडी-कोयंडा बसवतो." बापूसाहेबांनी खिशातून कॅटलॉग काढून एका चित्रावर बोट ठेवलं. "हे दुसरं कुलूप आजच मागवतो. हेही नुसतं दाबायचं. खट्!"

 शरणप्पा दुकान तसंच उघडं टाकून घराकडं सुटला आणि दारातूनच ओरडला, "शिवकांता! आजपासून दुकानदार म्हन!"

"कितीला इकला?" आतून आवाज आला.

त्यानं भाव सांगितला.

"एवढ्याला? पलीकडं दोन मिळत्यात."