घरात मराठी बंद केली तेव्हा

माझे मिस्टर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहेत. मुलगी लहान असताना त्यांच्या खात्यात सुपरवायझरची जागा निघाली. ती त्यांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. मिळाली मात्र त्यांच्या मागून लागलेल्या एकाला. साहेब म्हणाले, "काम तुला येतंय की. पण परदेशातली गिऱ्हाइकं आली की त्यांच्याशी बोलणार कोण?"

घरी येऊन त्यांनी ही हकीकत सांगितली. मग म्हणाले, "माझं झालं ते झालं. पोरीवर ही पाळी येऊ द्यायची न्हाय."

म्हणून मुलीला इंग्रजी शाळेत घातलं. मी स्वतः मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकले. इंग्रजी वाचते, पण बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते.

काही महिन्यांनी वर्गाच्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मुलगी वर्गात तोंडच उघडत नव्हती. बाई म्हणाल्या, "घरी तिच्याशी इंग्लिशमध्येच बोला. मराठी पूर्ण बंद करा." काळजीपोटीच सांगत होत्या त्या. आम्ही माना डोलावल्या.

त्या संध्याकाळपासून घरात 'कम', 'सिट', 'वॉश युवर हँड्स' सुरू झालं. आम्हाला येत होती ती सगळी हुकमाची वाक्यं. मागच्या बोळात मांजरीनं पिल्लं घातली, हे तिला कसं सांगायचं? मग सांगायचंच राहून जायचं. सासूबाई नातीला गोष्ट सांगायला बसल्या की हे आतून "आई!" म्हणून दरडावायचे. सासूबाई पदर सावरत उठून जायच्या. हळूहळू आम्ही दोघंसुद्धा मुलीसमोर एकमेकांशी बोलेनासे झालो. जेवताना फक्त ताटांचा आवाज.

एका रात्री मुलगी जेवेना. मी विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, परत मिटलं. डोळे भरून आले. ताटावरून उठली आणि स्वयंपाकघरात सासूबाईंच्या कुशीत शिरली. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं.

"आज्जी, माझा कान लई दुखतोय. पप्पांना सांगू नको, मी मराठीत बोलले म्हणून."

हे तसेच उष्ट्या हातानं उठले. आत जाऊन तिच्यापुढं खाली बसले. "बोल बाळा," ते म्हणाले, "तुला यील तसं बोल."

कानात पू झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस सांगितलं कसं नाही हिनं?"

वर्ष संपल्यावर यांनी तिला मराठी शाळेत घातलं. जयसिंगपूरच्या थोरल्या दिरांनी फोनवर झापलं, "डोकं फिरलंय काय तुझं? समदी पोरं तिकडं चाललीत आणि तू उलटा निघालायस!" हे ऐकून घेत राहिले. मुलगी मात्र बोलायला लागली ती थांबेचना.

आता ती नववीत आहे. शेजारची तिच्याच वयाची मुलगी फोनवर इंग्रजीत सहज बोलते. ते कानावर पडलं की मी हातातलं काम थांबवून ऐकत राहते. आम्ही केलं ते बरोबर केलं, असं छातीठोकपणे मला आजही सांगता येत नाही. हे अजून ऑपरेटरच आहेत.

परवा तिनं त्यांना विचारलं, "पप्पा, पुढं कॉलेजात सगळं इंग्लिशमध्येच असतंय?"

"व्हय." त्यांनी काही लपवलं नाही.

"अवघड जाईल मला?"

"जाईल. पयलं पयलं लई अवघड जाईल."

ती म्हणाली, "मला क्लास लावा. पण मला कळलं न्हाय तर मी मराठीत विचारणार."

"इचार की," हे म्हणाले, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.