सिमेंटचा पक्षी आणि जावेची टोपली

खोडाळ्याहून आमच्या पाड्याकडे उतरलं की डाव्या हाताला पाणथळ लागतं. पावसात पाणी पसरतं, मग होळीपर्यंत नुसता चिखल, लव्हाळा, बगळे, पाणकोंबड्या. आम्ही त्याला 'खालचं पाणी' म्हणायचो, बस्स. आता ते राखीव झालंय. म्हणजे काय झालं, तर तारेचं कुंपण आलं, तिकिटाची खिडकी आली, बंदीची मोठी पाटी आली आणि दारात सिमेंटचा रोहित पक्षी उभा राहिला, गुलाबी, एका पायावर. हा पक्षी आमच्या डोंगरात कुणी बापजन्मात बघितला नाही. जवळचं शिरपामाळचं ठिकाण बघून झालं की शहरातली माणसं इकडे वळतात, त्या सिमेंटच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात आणि जातात. मागे खरी पाणकोंबडी पिलं घेऊन फिरत असते, तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. नका बघू बाबांनो, तिला तेच बरं.

पण माझ्या धाकट्या जावेचं ऐका. भाताची आवणी झाली की ती त्या चिखलात बिळात हात घालून खेकडे काढायची, घरच्या कालवणापुरते. पोटाखाली पिलं असलेली मादी हाताला लागली की सोडून द्यायची, ही आमच्याकडची रीतच. खेकडे टाकायला कमरेला बांबूची टोपली. ती टोपली माझ्या दिराने विणलेली, आजारपणात, बसल्या बसल्या. तो गेला, टोपली राहिली.

एक दिवस राखणदाराने तिला धरलं. राखणदार कोण, तर आमच्याच पाड्यातला. खेकडे पाण्यात सोडले आणि टोपली जप्त.

मी जाब विचारायला गेले. "नियम आहे काकी," म्हणाला.

"मेल्या, तुझी हाडं ह्याच खेकड्यांवर पोसलीत," मी म्हटलं. तो टोपी सारखी करत बसला. खाकी चढली की माणसाला आईचं कालवणही आठवत नाही.

जाऊ वनखात्याच्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, टोपली पुरावा आहे. कसला पुरावा? बाई भुकेली होती ह्याचा? घरी येऊन ती नुसती कमरेला हात लावून बसायची.

मग तिथल्या पक्षी बघायच्या नव्या मनोऱ्याचं उद्घाटन ठरलं. साहेब आमच्या बचत गटाकडे आले, गोड बोलत.

"मावशी, नागलीची भाकरी करा. आणि ते तुमचं खेकड्याचं कालवण, एकदम गावठी. पाहुण्यांना फार आवडतं."

त्यांच्या तोंडावर लाजेचा मागमूस नाही हो!

"खेकडे कुठून आणू साहेब?"

"इथलेच धरा की. एका दिवसाचं मी बघतो."

"धरणारी माझी जाऊ. आणि तिची टोपली तुमच्याकडे."

लगेच टोपली आली. पुराव्याच्या आत गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. जावेने त्या तिथेच झटकल्या, टोपली पदराने पुसली, कमरेला बांधली.

वाटेत म्हणाली, "बाय, आता खेकडे धरायला कधी जाऊ?"

"कसले खेकडे? दारावरची पाटी वाचता येत नाही का तुला?"

"नाही येत."

"मला येते. चल."

उद्घाटनाला पाहुणे पंगतीला बसले. साहेबांनी स्वतः पातेल्याचं झाकण उघडलं. आत उडदाची आमटी.

"मावशी, खेकडे?"

"धरायला बंदी आहे ना साहेब. एवढी मोठी पाटी लावलीय तुम्ही."

पाहुण्यांतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. "किती जागरूक गावकरी आहेत!" म्हणाल्या, आणि मला ओढत त्या गुलाबी पक्ष्याशेजारी फोटोला उभं केलं. साहेबांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. राखणदाराने तर सगळ्यांत जोरात वाजवल्या.

आमटी छान झाली होती, सगळ्यांनी मागून घेतली. वाढत होती माझी जाऊच. कमरेची टोपली तिने वाढतानाही सोडली नाही. साहेबांचं पान आलं तेव्हा ती टोपली त्यांच्या नाकासमोर होती. त्यांनी मान खाली घातली आणि भाकरी मोडली.

टोपली मागायला अजून कुणी आलेलं नाही.